इनडायरेक्ट स्पीच : प्रश्नाची आणि ऑर्डरची वाक्यं मुलांना कशी समजावू?

शिकवणीवाली_सांगली :

नमस्कार मंडळी, मी घरीच नववी-दहावीची शिकवणी घेते, बरीचशी मुलं सेमीची आणि थोडी मराठी मिडीयमची. सध्या डायरेक्ट-इनडायरेक्ट चालू आहे. साधी वाक्यं त्यांना जमतात, 'दॅट' लावला, टेन्स एक पायरी मागे नेला, आय चा ही केला, झालं. पण आतल्या वाक्यात प्रश्न आला की सगळं विस्कटतं आणि ऑर्डर किंवा रिक्वेस्ट आली की अजूनच.

नमुने देते म्हणजे कळेल, इंग्रजी वाक्यं पण देवनागरीतच टाइप करते, मोबाईलवर सारखा कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा येतो. पेपरात होतं, 'द टीचर सेड टू रवी, "व्हेअर डिड यू गो यस्टरडे?"' याचं एकाने केलं 'द टीचर आस्क्ड रवी दॅट व्हेअर डिड ही वेंट यस्टरडे', एकीने केलं 'द टीचर आस्क्ड टू रवी व्हेअर डिड ही गो' आणि शेवटी क्वेश्चन मार्क पण ठेवला. दुसरं होतं, 'मदर सेड टू मी, "डोन्ट प्ले इन द सन"', त्याचं निम्म्या मुलांनी 'मदर टोल्ड मी दॅट डोन्ट प्ले इन द सन' असं लिहिलंय.

गंमत म्हणजे नियम सगळ्यांना पाठ आहेत, विचारलं तर धडाधड म्हणून दाखवतात की प्रश्नाला 'दॅट' लागत नाही, 'डू-डज-डिड' काढायचं, ऑर्डरला 'टू' लावायचा, पण लिहायला बसलं की पुन्हा तेच. एका मुलाने सरळ विचारलं, मॅडम ते 'डिड' जातं कुठे, आणि मराठीत आपण 'विचारलं की' म्हणतो ना मग त्या 'की' चं 'दॅट' का नाही. नियम आहे म्हणून नाही, असं सांगून मी वेळ मारून नेऊ शकते पण त्याने पुढच्या पेपरात तेच होणार.

तर कोणी अनुभवी आहे का जो हे कारणासकट सांगेल? आणि 'कॅन यू', 'विल यू' वाल्या वाक्यांचं काय करायचं ते पण सांगा, ती प्रश्न धरायची की रिक्वेस्ट? बाजारातल्या दोन गाईडमध्ये दोन उत्तरं आहेत.


रिटायर्ड_मास्तर :

ताई, तुमच्या त्या विद्यार्थ्याला माझ्याकडून शाबासकी द्या, प्रश्न एकदम मुळावरचा आहे.

आधी 'डिड' चं बघू. 'यू वेंट' हे साधं वाक्य. त्याचा प्रश्न करायचा तर इंग्रजीला कर्त्याच्या आधी एक हेल्पिंग व्हर्ब लागतं, आणि 'वेंट' मध्ये तसं काही नाहीच, म्हणून 'डू' ला बोलावलं. तो आला, त्याने भूतकाळ स्वतःच्या अंगावर घेतला, 'डिड' झाला आणि 'वेंट' चं परत 'गो' झालं. म्हणजे हा पंगतीपुरता बोलावलेला वाढपी आहे, पंगत उठली की तो घरी जाणार. रिपोर्ट करताना प्रश्न हा प्रश्न राहत नाही, तो 'आस्क्ड' च्या पोटातला एक तुकडा होतो, मग वाढपी कशाला? 'डिड' गेला की भूतकाळ परत 'गो' वर येतो, 'व्हेअर यू वेंट'. आणि मग टेन्स एक पायरी मागे, 'व्हेअर ही हॅड गॉन'. 'द टीचर आस्क्ड रवी व्हेअर ही हॅड गॉन द प्रीव्हियस डे.' फुलस्टॉप.

मी वर्गात हे नेहमी तीन उड्यांत करून घ्यायचो आणि मधली उडी वहीत लिहायलाच लावायचो. प्रश्न, मग त्याचं साधं वाक्य, मग मागचा टेन्स. मुलं चुकतात ती मधली उडी गाळून एकदम शेवटाला जातात म्हणून. 'व्हेअर डिड ही वेंट' हे त्याचंच पिल्लू आहे, डिड पण राहिला आणि वेंट पण आला. 'व्हॉट डू यू वॉन्ट?' घ्या, मधली उडी 'व्हॉट यू वॉन्ट', शेवट 'व्हॉट आय वॉन्टेड'. 'व्हेअर इज युवर बॅग?' ची मधली उडी 'व्हेअर युवर बॅग इज', शेवट 'व्हेअर माय बॅग वॉज'. इथे काही जण 'व्हेअर वॉज माय बॅग' करून मोकळे होतात, टेन्स मागे नेला पण उलटा क्रम तसाच ठेवला.

आता एक सापळा. 'डू-डज-डिड काढायचं' हा नियम मुलं इतका मनावर घेतात की नकारातलं पण काढतात. 'व्हाय डोन्ट यू प्ले?' चं 'व्हाय आय नॉट प्लेड' करतात. नकाराचं साधं वाक्य बघा ना, 'यू डोन्ट प्ले', त्यात 'डू' आहेच, तो प्रश्नासाठी आलेला नाही, 'नॉट' साठी आलेला आहे. म्हणून तो राहतो आणि फक्त मागे जातो, 'व्हाय आय डिड नॉट प्ले'. आणि 'व्हाय डिडन्ट यू कम?' चं 'व्हाय आय हॅड नॉट कम'. मधली उडी लिहिली तर हे आपोआप बरोबर येतं, वेगळा नियम लागत नाही.

अजून एक, 'हू ब्रोक द ग्लास?' यात 'डिड' मुळातच नाही कारण 'हू' हाच कर्ता आहे. मग क्रम बदलायला काही उरतच नाही, 'आस्क्ड हू हॅड ब्रोकन द ग्लास', संपलं. हुशार मुलं इथेच उगाच काहीतरी हलवतात.

'की' चं म्हणाल तर असं आहे. मराठीतला 'की' कुठेही चालतो, म्हणाला की, विचारलं की, सांगितलं की, त्याला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, आतलं वाक्य जसंच्या तसं येतं. 'त्याने विचारलं की तू कुठे चाललास', यात प्रश्न तसाच, काळ तसाच, 'तू' पण तसाच. इंग्रजीतला 'दॅट' मात्र फक्त विधानालाच जोडतो. प्रश्नात 'व्हेअर', 'व्हेन', 'व्हाय' आधीच बसलेला असतो आणि जोडायचं काम तोच करतो, दोन जोडणारे एका ठिकाणी नकोत. आणि जिथे असा शब्द नसतो, म्हणजे उत्तर हो किंवा नाही येणारे प्रश्न, तिथे जोडायला 'इफ' किंवा 'व्हेदर' आणावा लागतो. 'डू यू लाइक मँगोज?' चं 'आस्क्ड मी इफ आय लाइक्ड मँगोज'. मराठीत बघा, आपण 'आंबे आवडतात का ते विचारलं' असं पण म्हणतो, त्यातलं ते 'का ते' म्हणजे जवळजवळ 'इफ' च. मुलांना 'विचारलं की' ऐवजी 'का ते विचारलं', 'कुठे ते विचारलं' अशी मराठी वाक्यं आधी तोंडी म्हणायला लावा, निम्मे 'दॅट' तिथेच गळतात.

'इफ' की 'व्हेदर' यात शाळेसाठी काही फरक नाही. 'ऑर नॉट' लगेच चिकटून आलं तर मात्र 'व्हेदर ऑर नॉट' च, 'इफ ऑर नॉट' होत नाही.

आणि 'आस्क्ड टू रवी' नाही, नुसतं 'आस्क्ड रवी'. आपल्या 'रवीला' मधला 'ला' डोक्यात असतो ना. उलट 'सेड' ला मात्र 'टू' लागतो, 'सेड मी' हे तर अख्ख्या महाराष्ट्रात ऐकू येतं.


कंबाइन_चा_वारकरी :

सर एक नंबर समजावलंत, पण आम्हा एमपीएससीवाल्यांना चार ऑप्शन असतात आणि वेळ नसतो, त्यामुळे आमची पद्धत थोडी कसायाची आहे. 😅 ताई तुमच्या मुलांना पण पेपर तपासून बघायला उपयोगी पडेल म्हणून टाकतो.

शेवटी क्वेश्चन मार्क आहे, तो ऑप्शन उडवा. 'आस्क्ड' नंतर 'दॅट' आहे, उडवा. 'आस्क्ड टू', 'रिक्वेस्टेड टू मी', उडवा. 'व्हेअर' नंतर लगेच 'वॉज' किंवा 'डिड' आणि कर्ता मागे, उडवा. बहुतेक वेळा एवढ्यावर एकच उरतो, दोन उरले तर फरक टेन्सचा किंवा प्रोनाउनचा असतो.

प्रोनाउनला क्लासमध्ये सगळीकडे एस-ओ-एन वन-टू-थ्री शिकवतात. फर्स्ट पर्सन सब्जेक्टप्रमाणे, सेकंड पर्सन ऑब्जेक्टप्रमाणे, थर्ड पर्सनला नो चेंज. 'सीता सेड टू मी, "हॅव यू सीन माय पेन?"' यात 'यू' ऑब्जेक्टकडे बघणार म्हणजे 'मी' कडे, म्हणून 'आय', आणि 'माय' सब्जेक्टकडे म्हणजे सीताकडे, म्हणून 'हर'. 'सीता आस्क्ड मी इफ आय हॅड सीन हर पेन.' प्रश्न असो ऑर्डर असो, हे सगळीकडे चालतं.

बाकी एक बघून ठेवा, बाहेरचं क्रियापद 'सेज' किंवा 'इज आस्किंग' असं चालू काळातलं असेल तर आतला टेन्स हलवायचाच नाही. आई फोनवर सांगते ना, पप्पा विचारतायत कुठे आहेस, तसं. 'पापा इज आस्किंग व्हेअर यू आर.' पेपर काढणारे हे मुद्दाम टाकतात आणि आपण सवयीने 'वेअर' ला टिक करून येतो.


शिकवणीवाली_सांगली :

सर, मधल्या उडीचं फार आवडलं, आज संध्याकाळीच करून बघते. दादा तुमची कसायाची पद्धत पण वहीत उतरवून घेतली.

आता ऑर्डरचं सांगा ना कोणीतरी. गाईडमध्ये लांबलचक यादी आहे, ऑर्डर्ड, कमांडेड, टोल्ड, रिक्वेस्टेड, बेग्ड, अ‍ॅडव्हाइज्ड, फॉरबेड. मुलं विचारतात यातलं नेमकं कुठलं घ्यायचं, आणि मला वाटतं ती चिठ्ठी उचलल्यासारखं काहीही उचलतात. एकाने 'द बॉय ऑर्डर्ड हिज टीचर टू एक्सप्लेन द सम अगेन' लिहिलंय, काय बोलणार.


कोर्टातला_भाषांतरकार :

ऑर्डर्ड हिज टीचर 😂 मुलगा पुढे जाणार.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी कागदपत्रांचं इंग्रजी करून देतो. खालच्या कोर्टात साक्ष मराठीत होते, जबाब मराठीत असतो, आणि प्रकरण वर गेलं की घटनेच्या कलम 348 प्रमाणे हायकोर्टाचं काम इंग्रजीत, त्यामुळे सगळं इंग्रजीत न्यावं लागतं. म्हणजे कोण कोणाला काय म्हणालं हे लिहिणं हाच माझा धंदा, म्हणून थोडं बोलतो.

ऑर्डरची वाक्यं मराठी माणसाला खरं तर सोपी जायला हवीत. 'आईने मला दूध आणायला सांगितलं', यातलं 'आणायला' म्हणजे डिट्टो 'टू ब्रिंग'. 'मदर टोल्ड मी टू ब्रिंग मिल्क.' इथे मुलं फारशी चुकत नाहीत. चुकतात ती नकारात, कारण नकारात आपण रूप बदलतो. 'न जायला सांगितलं' असं कोणी म्हणत नाही, आपण 'जाऊ नको म्हणून सांगितलं' असं म्हणतो, म्हणजे हुकूम जसाच्या तसा आत ठेवतो. तेच मग 'टोल्ड मी दॅट डोन्ट प्ले' होऊन बाहेर येतं. त्यांना एवढंच सांगा की 'डोन्ट' चा 'डू' पडतो, 'नॉट' उरतो आणि तो 'टू' च्या पुढ्यात जाऊन बसतो. 'मदर टोल्ड मी नॉट टू प्ले इन द सन.' 'टू डोन्ट' कधीच नाही.

'फॉरबेड' जपून वापरायला सांगा. त्याच्या पोटात नकार आधीच आहे. 'फॉरबेड मी नॉट टू गो' म्हणजे न जायला मनाई केली, म्हणजे जा. 'फॉरबेड मी टू गो' एवढंच. 'वॉर्न्ड' ला मात्र 'नॉट' लागतो, 'वॉर्न्ड मी नॉट टू टच द वायर'.

क्रियापद कुठलं घ्यायचं हे शब्दांवरून ठरत नाही ताई, कोण कोणाशी बोलतंय त्यावरून ठरतं. 'सिट डाउन' हेच वाक्य घ्या, इन्स्पेक्टर आरोपीला म्हणाला तर 'ऑर्डर्ड', यजमान पाहुण्याला म्हणाला तर 'आस्क्ड' किंवा 'रिक्वेस्टेड', डॉक्टरने चक्कर आलेल्या पेशंटला म्हटलं तर 'अ‍ॅडव्हाइज्ड'. मुलांना वाक्य वाचून आधी ही दोन माणसं डोळ्यासमोर आणायला सांगा, मग विद्यार्थी शिक्षकाला ऑर्डर सोडणार नाही. 'प्लीज' दिसला की परीक्षेत 'रिक्वेस्टेड' लिहायचं आणि 'प्लीज' काढून टाकायचा, कारण त्याचं काम 'रिक्वेस्टेड' ने केलं. 'सर' म्हणून हाक मारलेली असेल तर 'रिस्पेक्टफुली' घालायची पद्धत आहे, शाळेत चालते, मला स्वतःला ती शोभेची वाटते.

मी स्वतः कामात 'टोल्ड' आणि 'आस्क्ड' च्या पलीकडे सहसा जात नाही. साक्षीदार नुसतं 'सांगितलं' म्हणाला असेल आणि मी 'ऑर्डर्ड' किंवा 'बेग्ड' लिहिलं तर ती माझी भर झाली, आणि तेवढ्यावरून वकील उलटतपासणीत अर्धा तास घेऊ शकतात. शाळेत रंग भरल्याबद्दल मार्क मिळतात, इथे उलटं आहे.

आणि 'की' बद्दल मास्तर बोलले त्याला जोडून, खरा धोका 'मी' चा आहे. जबाबात वाक्य असतं, 'आरोपी मला म्हणाला की मी उद्या येऊन पैसे देतो'. मराठीत कोणालाच शंका येत नाही, 'मी' म्हणजे आरोपी. नवशिका माणूस त्याचं 'द अ‍ॅक्यूज्ड टोल्ड मी दॅट आय विल कम टुमॉरो अँड पे' करतो आणि इंग्रजीत पैसे देणारा साक्षीदारच होतो! 'ही वुड कम द नेक्स्ट डे अँड पे' पाहिजे. तसंच 'तू माझ्या शेतात का आलास असं त्याने विचारलं', याचं 'ही आस्क्ड मी व्हाय आय हॅड कम इन्टू हिज फील्ड'. एका वाक्यात 'तू' चा 'आय', 'माझ्या' चा 'हिज', प्रश्नाचा क्रम सरळ आणि टेन्स मागे, चारही गोष्टी आल्या. मुलांना सरावाला असली गावाकडची भांडणाची वाक्यं द्या, रवी-सीतापेक्षा मजा येते.

शिवी किंवा धमकी असेल तर मात्र मी इनडायरेक्ट करतच नाही, अवतरण चिन्हात आहे तशी ठेवतो. 'तुला बघून घेईन' याचं कोणी 'ही सेड दॅट ही वुड सी मी' केलं तर ती भेटायला येण्याची वेळ ठरवल्यासारखी वाटते.


सोसायटीचा_सेक्रेटरी :

कोर्टवाले साहेब, तुमच्यासारखंच आमचं, फक्त पगार नाही. सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स इंग्रजीत लिहायला लागतात आणि सगळी मीटिंग मराठीत भांडून झालेली असते. 'टाकी कधी साफ करणार?' याचं 'मेंबर्स एन्क्वायर्ड व्हेन द वॉटर टँक वुड बी क्लीन्ड'. 'तीन कोटेशन मागवा' याचं 'द चेअरमन आस्क्ड द सेक्रेटरी टू ऑब्टेन थ्री कोटेशन्स'. आणि 'अक्कल आहे का तुम्हाला?' याचं 'अ मेंबर वॉन्टेड टू नो व्हेदर द प्रपोजल हॅड बीन ड्यूली कन्सिडर्ड'. इनडायरेक्ट स्पीचसारखी सभ्यता जगात दुसरी नाही.

ताई, 'एन्क्वायर्ड' वापरलं तर 'एन्क्वायर्ड मी' नाही बरं का, 'एन्क्वायर्ड ऑफ मी'. 'आस्क्ड' च बरं, कटकट नाही.


शिकवणीवाली_सांगली :

हसून हसून पुरे झालं 😄 शेताच्या भांडणाचं वाक्य आज फळ्यावर जाणार. पण 'कॅन यू' चं राहिलंच, त्याशिवाय सोडणार नाही तुम्हाला.


रिटायर्ड_मास्तर :

ते राहिलं खरं. ताई, वाक्याच्या शेवटी क्वेश्चन मार्क आहे म्हणून तो प्रश्न, असं नसतं. समोरच्याकडून माहिती हवी आहे की काम करून हवं आहे, एवढं विचारायचं. 'कॅन यू स्विम?' यात माहिती हवी, 'आस्क्ड मी इफ आय कुड स्विम'. 'कुड यू ओपन द विंडो, प्लीज?' यात खिडकी उघडून हवी, तुमच्या ताकदीची चौकशी नाही, म्हणून 'रिक्वेस्टेड मी टू ओपन द विंडो' किंवा 'आस्क्ड मी टू'. मराठीत पण तेच करतो की आपण, 'जरा मीठ देता का' ला कोणी 'हो देतो' म्हणून गप्प बसत नाही.

'विल यू' तसंच. 'विल यू कम टुमॉरो?' माहिती, 'इफ आय वुड कम द नेक्स्ट डे'. 'विल यू कीप क्वाएट!' म्हणजे गप्प बसा, 'टोल्ड मी टू कीप क्वाएट'. 'वुड यू लाइक सम टी?' यात तर चहा विचारलाय, 'ऑफर्ड मी सम टी' सगळ्यात चांगलं. 'व्हाय डोन्ट यू टेक रेस्ट?' हा बहुतेक वेळा सल्ला असतो, कारण विचारलेलं नसतं, म्हणून 'अ‍ॅडव्हाइज्ड मी टू टेक रेस्ट'. मी वर 'व्हाय डोन्ट यू प्ले' घेतलं होतं तिथे खरंच कारण विचारलंय असं धरलं होतं, नाहीतर कोणीतरी पकडेल मला.

गाईडमध्ये दोन उत्तरं आहेत ती बहुधा 'कॅन यू लिफ्ट धिस बॉक्स?' अशा वाक्यांची असणार. सुटं वाक्य, मागचं पुढचं काही नाही, 'प्लीज' नाही, अशा वेळी दोन्ही बरोबर आहेत. माझं मत विचाराल तर 'प्लीज' नसेल तर 'इफ' वालं लिहावं, शब्दांना धरून राहतं आणि कोणी चूक म्हणू शकत नाही.

'लेट्स' पण सांगून टाकतो कारण ते येणारच. 'ही सेड, "लेट्स गो टू द फोर्ट"' याचं 'ही सजेस्टेड दॅट दे शुड गो टू द फोर्ट', आपण त्यात असलो तर 'वी शुड गो'. 'सजेस्टेड गोइंग' पण चालतं आणि सुटसुटीत आहे. 'सजेस्टेड मी टू गो' मात्र नाही, 'अ‍ॅडव्हाइज्ड मी टू' होतं म्हणून 'सजेस्टेड' ला पण तेच लावतात आणि शिकलेली माणसं लावतात. 'लेट मी' हे 'लेट्स' नाही हे पण दाखवा, 'लेट मी गो इन' यात परवानगी मागितली आहे, 'आस्क्ड द गार्ड टू लेट हिम गो इन'.

'शॅल आय' राहिलं. 'शॅल आय मेक टी?' याचं 'आस्क्ड इफ शी शुड मेक टी'. चहा करू का असं विचारलंय ना, म्हणून 'शुड'.


डब्लिनकर :

उशिरा आलो धाग्यावर, पण राहवत नाही. मी आयर्लंडमध्ये असतो आणि इथे तुमच्या मुलांचं 'आस्क्ड रवी व्हेअर डिड ही गो' खुशाल चालतं! ऑफिसात रोज ऐकतो, 'आस्क हिम डज ही वॉन्ट टी', 'शी आस्क्ड मी वॉज आय कमिंग'. ना 'इफ' ना 'व्हेदर', प्रश्न उलट्या क्रमासकट आत. आधी वाटलं ही बोलण्यातली घाई असेल, पण आयरिश भाषेतच तसं आहे, प्रश्न दुसऱ्या वाक्यात बसवताना त्याचा प्रश्नार्थक शब्द आणि ठेवण बदलत नाही, आणि त्या लोकांनी इंग्रजी उचलताना ती सवय बरोबर आणली. आपली मुलं मराठीवरून जे करतात तेच यांनी केलं, फरक इतकाच की यांना आता कोणी लाल शाईने गोल करत नाही.

अजून दोन गोष्टी बघितल्या. 'रिक्वेस्टेड' बोलताना जवळजवळ कोणी वापरत नाही, सगळं 'आस्क्ड' वर चालतं, 'शी आस्क्ड मी टू सेंड द फाइल'. मी ईमेलमध्ये 'ही हॅज रिक्वेस्टेड मी टू' लिहायचो, ते चूक नाही पण सरकारी नोटीशीसारखं वाटतं. दुसरं, गोष्ट अजून खरी असेल तर टेन्स मागे नेतातच असं नाही. 'शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह', मी अजून तिथेच राहतो म्हणून. 'टुमॉरो', 'हिअर' चं पण तसंच, आज झालेलं बोलणं आजच सांगतोय तर 'टुमॉरो' हा 'टुमॉरो' च राहतो.

पण ताई हे दहावी होईपर्यंत मुलांना सांगू नका, फुकट मार्क जातील.


कंबाइन_चा_वारकरी :

म्हणजे मी आयर्लंडमध्ये जन्मलो असतो तर पहिल्याच अटेम्प्टला पोस्ट निघाली असती 😭

सर, ते 'व्हॉट इज द मॅटर' चं काय? टेस्ट सिरीजमध्ये 'व्हॉट वॉज द मॅटर' आणि 'व्हॉट द मॅटर वॉज' दोन्ही ऑप्शन होते आणि आन्सर की मध्ये पहिलं बरोबर दिलंय, क्रम तर उलटाच राहिला ना मग?


रिटायर्ड_मास्तर :

दोन्ही चालतात. 'व्हॉट्स द मॅटर' मध्ये कर्ता 'व्हॉट' धरला तर 'हू ब्रोक द ग्लास' सारखा क्रम सरळच आहे, आणि इंग्रज माणूस बोलतानाही 'आस्क्ड मी व्हॉट वॉज द मॅटर' च जास्त म्हणतो. दोन्ही ऑप्शन एका प्रश्नात ठेवणं हा पेपर काढणाऱ्याचा आळस आहे, हरकत नोंदवा.


शिकवणीवाली_सांगली :

आज घेतला तास. मधली उडी लिहायला लावल्यावर 'डिड ही वेंट' एकाच वहीत सापडलं. भांडणाच्या वाक्यांना तर मुलं सुटलीच, स्वतःहून बनवायला लागली, 'तुझी म्हैस आमच्या उसात कशी आली' असं एकाने दिलं आणि सगळ्या वर्गाने मिळून 'ही आस्क्ड हिज नेबर हाऊ हिज बफेलो हॅड गॉट इन्टू देअर शुगरकेन' केलं. आता त्यात 'हिज बफेलो' म्हणजे म्हैस नक्की कोणाची यावरून वाद चालू आहे, कोर्टवाले साहेब, याचं काय करायचं?


कोर्टातला_भाषांतरकार :

'हिज' काढा आणि 'द नेबर्स बफेलो' लिहा. शंका आली की प्रोनाउन सोडून सरळ नाव घालायचं, आम्ही तेच करतो. 'देअर' चं पण बघा, ऊस शेजाऱ्याचा वाटायला नको.